तीन बॅक आणि एक म्हैस

“तिघातले दोघं कुठले घ्यायचे, तेवढंच सांगा तात्या. बाकी काय बी सांगू नका.”

धैर्यशीलनं हे विचारलं आणि बादलीत पडणारी धार थांबली.

त्याला बरं वाटलं. तात्या विचार करतायत, असं त्याला वाटलं.

तात्या विचार करत नव्हते. सगुणेच्या पोटाला कपाळ टेकवून ते उकिडवे बसले होते आणि आचळं ओढत होते, पण दूध येत नव्हतं. त्यांनी मान वर करून म्हशीच्या कानांकडं पाहिलं. मग धैर्यशीलकडं. मग परत कानांकडं.

“तात्या...”

“ऐकलं.”

“मग?”

तात्यांनी परत आचळं ओढली.

कोल्हापुरात अजूनही काही चौकांत संध्याकाळी म्हशी आणून बांधतात. गिऱ्हाईक पेला धरून समोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसासकट दूध त्याच्या हातात देतात. दुधात पाणी आहे का, हा वाद तिथं कुणी घालत नाही. अशाच एका कट्ट्यावर हिंदुराव तात्यांच्या दोन म्हशी उभ्या असत. वय ऐंशीच्या पुढं, मिशी अजून काळी. ती कशानं काळी राहिली, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तरुणपणी तात्या चिंचबाग तालमीचे बॅक होते. कुस्तीचा हौद आणि फुटबॉलची टीम एकाच तालमीत असणं ही ह्या गावची जुनी खोड. सांगतात की अडुसष्ट साली एक फॉरवर्ड चेंडू घेऊन सुसाट तात्यांच्या अंगावर आला, चार हातांवर थांबला, चेंडू त्यांच्या पायाशी ठेवला, नमस्कार केला आणि परत गेला. त्या फॉरवर्डचा नातू हे साफ नाकारतो. एवढ्या जोरानं नाकारतो, म्हणजे घडलं असणार.

आणि धैर्यशील इंगवले हा त्याच तालमीचा आत्ताचा कॅप्टन. वय चौतीस. जागा स्टॉपरची, म्हणजे बॅकच्या रांगेत बरोब्बर मधली. चौदा वर्षं तो तिथं उभा होता आणि चौदा वर्षांत चिंचबागनं एकही चषक आणला नव्हता. यंदा नाही तर आपल्या हयातीत नाही, हे त्याचं त्याला कळून चुकलं होतं. म्हणून तो यंदा फार बारकाईनं निवड करत होता. त्यानं पुण्याला जाऊन प्रशिक्षकाचा कोर्स केला होता आणि प्रत्येक बॅक किती धावतो, किती उड्या मारतो, कुठं चुकतो, ह्याचे तक्ते मोबाईलमध्ये ठेवले होते.

अडचण अशी होती की खेळाडूंच्या यादीत वीस नावं बसतात. अठरा ठरली होती. दोन जागा उरल्या होत्या, बॅक तीन मिळत होते आणि यादी आज संध्याकाळी आठच्या आत फुटबॉल संघटनेच्या ऑफिसात द्यायची होती.

आत्ता सहा वाजले होते.

“तात्या, हा चार दिवस झोपला न्हाई,” सर्जेराव म्हणाला. सर्जेराव सासने तालमीचा सेक्रेटरी. यादीचा कागद त्याच्या शर्टाच्या खिशात होता, आणि तो दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होता. “तालमीत रोज भांडणं चालल्यात. परवा तर दोघांनी एकमेकांवर खुर्च्या उचलल्या.”

“मारल्या?”

“न्हाई. कुणी कुठली उचलली ह्यावरच भांडण लागलं.”

तात्यांनी ओठांतल्या ओठांत हसून बादली बाजूला सरकवली.

“सांगा बघू. कोण कोण हाय?”

सर्जेराव पुढं सरसावला. “पयला साव्हियो. गोव्याचा. सहा फूट चार इंच. तालमीच्या दारातनं वाकून आत येतोय. वरनं आलेला एक चेंडू त्याच्या डोक्यावरनं जात न्हाई. माझं म्हणणं, डोळं झाकून घ्यावा.”

“वळत न्हाई,” धैर्यशील म्हणाला.

“वळतोय की!”

“वळतोय. पण त्याला वळ म्हणून सांगितल्यावर तो वळून होईस्तोवर हाफ टाइम होतोय.”

“दुसरा?” तात्या.

“तौफिक बागवान,” धैर्यशील म्हणाला. “बुरुजाकडच्या तालमीत होता, यंदा सोडलंय त्यानं. पळण्यात त्याचा हात कोण धरत न्हाई. पण तात्या, बुरुजाकडचा तो! गेल्या साली आम्हाला हरवल्यावर आमच्याच तालमीसमोर तासभर नाचला हलगी लावून. त्याला आता आमची जर्सी द्यायची?”

“नाच कसा होता?”

धैर्यशील गोंधळला. “आं?”

“नाच. बरा होता का?”

“...बरा होता.”

“मग पायात काय तरी हाय.”

सर्जेराव खो खो हसला. धैर्यशीलनं त्याच्याकडं पाहिलं तसा तो खिसा चाचपू लागला.

“आणि तिसरा अवधूत मेस्त्री,” धैर्यशील म्हणाला. “आपल्याच पेठेतला. नळाची कामं करतोय. खेळतोय चांगला, पण तोंडातनं शब्द काढत न्हाई. बॅकला बोलता यायला पायजे तात्या. मी मधी उभा असतोय, नव्वद मिनिटं बोलत असतोय. डावीकडच्याला सांगायचं, उजवीकडच्याला सांगायचं, गोलीला सांगायचं. पुढं हो, मागं ये, त्याला धर, ह्याला सोड. माझं बोलणं थांबलं की रांग मोडली.”

हे मात्र खरं होतं. धैर्यशीलचा आवाज साऱ्या गावाला माहीत होता. एका सामन्यात तो “मागं सरा!” म्हणून ओरडला, तेव्हा मैदानाबाहेर उभी असलेली पोलिसांची गाडी दहा फूट मागं गेली. पुढच्या सामन्याला बंदोबस्तावर दुसरा ड्रायव्हर होता.

“चार वर्षांत बॅक किती बदललास?” तात्यांनी विचारलं.

“नऊ.”

“नऊ...”

“काय करणार? एक भित्रा निघाला. एक ऐकायचा न्हाई. एक ऐकायचा, पण ऐकून मग करायचा, तोवर गोल. एकाला तर मी ओरडलो की रडायला यायचं.”

“त्यातले दोघं आता दुसऱ्या तालमींचे कॅप्टन झालेत,” सर्जेराव सहज बोलल्यासारखं बोलला.

“तिथं चालतंय त्यांचं,” धैर्यशील म्हणाला.

तात्या उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, एखादं जुनं दार उघडावं तसे. त्यांनी सगुणेच्या पाठीवर थाप मारली.

“तिघांनाबी बोलवून घे.”

“इथं?”

“इथं.”

“तात्या, मैदानावर बघा की. चेंडू टाकून दावतो.”

“चेंडूचं मला आता कळत न्हाई. हिला कळतंय का बघू.”

“म्हशीला?”

सगुणेच्या रेडकाच्या गळ्यातली दोरी सोडायला तात्या वाकले.

धैर्यशीलनं सर्जेरावकडं पाहिलं. सर्जेरावनं फोन काढला.

वीस मिनिटांत तिघंही आले. साव्हियो रिक्षातून उतरला, म्हणजे आधी पाय उतरले, मग बऱ्याच वेळानं बाकीचा साव्हियो. तौफिक मोटारसायकलवरून आला आणि चिंचबागच्या पेठेत गाडी कुठं लावावी म्हणजे कुणी हवा सोडणार नाही, ह्याचा अंदाज घेत बसला. अवधूत चालत आला. हातात पाना होता, कुठलं तरी काम अर्धं टाकून आला असावा. आला आणि उभा राहिला.

“एकेकानं पुढं या,” तात्या म्हणाले. “हिच्या मानेवर हात ठेवून हुभं ऱ्हायचं. मी धार काढणार. एवढंच.”

“एवढंच?” तौफिकनं विचारलं.

“एवढंच.”

“आणि दूध कुणी प्यायचं?”

“निघालं तर बघू.”

तात्यांनी रेडकाला कासेला लावलं, दोन चार ढुशा मारू दिल्या, पान्हा उतरला तसं त्याला ओढून बाजूला घेतलं आणि बादली मांडीत धरली.

साव्हियो पुढं झाला. त्यानं एवढा मोठा पंजा सगुणेच्या मानेवर असा ठेवला, जसा देवळात घंटेवर ठेवावा.

धैर्यशीलला राहवेना. तो त्याच्या खांद्याशी गेला. “हात जरा खाली. अजून खाली. पाय फाक. तिच्या डोळ्यात बघू नको. मी सांगतो तेव्हा जरा डावीकडं सरक. सरक. सरक म्हटलं की लगेच सरकायचं!”

साव्हियो सरकू लागला. बराच वेळ सरकत होता.

तात्यांनी आचळं ओढली. काही नाही.

“पान्हा चोरायलीय,” तात्या म्हणाले. “कान बघ तिचं.”

धैर्यशीलनं कान बघितले नाहीत. तो साव्हियोकडं बघत होता. “म्हटलं न्हवतं? वळायला वेळ लागतोय!”

दुसरा तौफिक. त्यानं आधी सगुणेला सलाम केला.

“चेष्टा नको!” धैर्यशील ओरडला. “वजन दोन्ही पायांवर घे. पळायच्या तयारीत उभा राहू नको, कुठं पळायचंय हितं? मान धर. दाबून न्हाई! अरे, नुसती धर! माझ्याकडं बघ, तिच्याकडं बघू नको!”

काही नाही.

“कान बघ,” तात्या म्हणाले.

तिसरा अवधूत. त्यानं पाना खिशात घातला, हात पँटला पुसले आणि मानेवर ठेवला.

“बोल तिच्याशी!” धैर्यशील म्हणाला. “अरे, काय तरी बोल! हो म्हण, हुर्र म्हण, काय बी म्हण! आता मी बोलतोय म्हणून चाललंय, मैदानात मी कुठं कुठं पुरा पडू?”

अवधूतनं तोंड उघडलं. मग मिटलं. धैर्यशील बोलतच होता, मधी घुसायला जागा नव्हती.

काही नाही. बादली कोरडीच्या कोरडी.

“झालं!” सर्जेरावनं कपाळावर हात मारला. “तिघंबी नापास. साडेसहा वाजले तात्या. आता काय, म्हशीला यादीत घालू?”

कट्ट्यावर पेला घेऊन थांबलेली दोन गिऱ्हाइकं कुजबुजू लागली. त्यातलं एक बुरुजाकडचं असावं, कारण ते फार आनंदात दिसत होतं.

धैर्यशील मात्र आतून खचला होता. तिघांत दोष आहेत हे त्याला माहीतच होतं. ते असे भर चौकात, म्हशीनंसुद्धा ओळखावेत, हे जरा जास्त झालं होतं. चौदा वर्षं... आणि हाताशी ही असली माणसं.

तात्यांनी कनवटीची तंबाखूची पुडी काढली. उघडली. बघितली.

“चुना संपलाय. समोरच्या टपरीवरनं घेऊन ये जा.”

“मी?”

“मग काय सगुणेला लावू?”

धैर्यशील रस्ता ओलांडून गेला. टपरीवर गर्दी होती. कोण कुठला बॅक घेणार, ह्यावर टपरीवाल्याचं एका शाळामास्तराशी कडाक्याचं भांडण चाललं होतं आणि चुना कुणी देईना. साव्हियो घ्यावा म्हणून टपरीवाला काचेवर मूठ आपटत होता. मास्तर म्हणत होता, तौफिकला घेतलात तर मी पेठ सोडून जाईन. त्याला कुणी थांबवत नव्हतं.

पाच मिनिटांनी चुन्याची डबी घेऊन धैर्यशील वळला आणि रस्त्याच्या ह्या कडेला उभा राहिला, कारण समोरून एक ट्रॅक्टर चालला होता. ट्रॅक्टर गेला.

पलीकडं धार चालू होती.

साधीसुधी नाही. चुर्र... चुर्र... अशी दोन्ही मुठींनी, रस्त्याच्या ह्या बाजूला ऐकू येईल अशी. फेस बादलीच्या काठावर आला होता. सर्जेराव दुसरी बादली घेऊन तयारीत उभा होता, त्याचं तोंड उघडं होतं.

आणि ते तिघं...

साव्हियो सगुणेच्या तोंडासमोर उभा होता. मावळतीचं ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर येत होतं, ते त्यानं सगळं अंगावर घेतलं होतं. एवढी सावली पडली होती की शेजारची म्हैससुद्धा सरकून तिच्यात आली होती. तौफिक खाली बसून रेडकाचा गळा खाजवत होता. रेडकू त्याच्या मांडीवर मान टाकून आईला विसरलं होतं. अवधूत मागच्या बाजूला होता. शेपटी त्यानं एका हातात धरली होती, म्हणजे ती तात्यांच्या तोंडावर येऊ नये.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तात्यांचं डोकं तर म्हशीच्या पोटात होतं.

मधेच तौफिक काहीतरी बोलला. साव्हियो हसला. मग... अवधूत बोलला. चांगली दोन तीन वाक्यं बोलला. ते काय होतं, ते रस्त्याच्या ह्या बाजूला ऐकू आलं नाही, पण तौफिक हसता हसता रेडकावर पडला.

धैर्यशील धावतच रस्ता ओलांडून आला.

“हां! असंच! तौफिक, तू आता जरा—”

धार थांबली.

जसा नळ बंद करावा तशी.

तौफिकनं मान खाली घातली. साव्हियो कुठं सरकायचं ते बघू लागला. अवधूतचं तोंड मिटलं.

सगुणेचे दोन्ही कान वळले होते. एकदा तरी बघायला पाहिजे होते ते कान धैर्यशीलनं आता पाहिले. दोन्ही त्याच्याकडं होते. नुसते वळलेले नव्हते, ताठ होते. वर्गात मास्तर आल्यावर पोरं बसतात तसे.

सर्जेरावनं दुसरी बादली खाली ठेवली.

तात्यांनी म्हशीच्या पोटावरचं डोकं न काढता एक हात मागं केला. तळवा उघडला. हवेला हलकेच ढकललं.

धैर्यशील एक पाऊल मागं सरला.

चुर्र...

तो थांबला. त्याला वाटलं, योगायोग असेल. तो परत एक पाऊल पुढं आला. तोंड घट्ट मिटून. अवाक्षर काढलं नाही त्यानं.

धार थांबली.

“आयला...” सर्जेराव पुटपुटला. “ह्यो तर काय बोलला बी न्हाई.”

“बोलायच्या बेतात होता,” तात्या म्हणाले.

एक पाऊल मागं. चुर्र... एक पाऊल पुढं. गप्प. पेलेवाल्या गिऱ्हाइकांनी आता मोजायला सुरुवात केली. पाचव्या खेपेला बुरुजाकडच्यानं टाळी वाजवली. सगुणेनं टाळीकडं ढुंकून पाहिलं नाही.

सर्जेराव तालमीच्या माणसाची बाजू घ्यायची म्हणून म्हणाला, “आवं तात्या, पण हितं दिवसभर हॉर्न वाजत्यात. ट्रॅक्टर जात्यात. आत्ता त्या टपरीवर केवढा आरडाओरडा चाललाय. त्यानं बरं हिला काय होत न्हाई?”

“हॉर्न तिला असं कर, तसं कर म्हणत न्हाई,” तात्या म्हणाले.

मग त्यांनी धार काढायला घेतली.

धैर्यशील आपसूक दोन पावलं मागं जाऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला. मग पांढरा. मग जो त्याचा मूळचा रंग होता तो. नऊ बॅक. भित्रा. न ऐकणारा. ऐकून मग करणारा. रडणारा. नऊ जण डावीकडून, उजवीकडून त्याच्या डोळ्यांसमोरून गेले आणि प्रत्येकाची मान खेळाच्या उलट्या दिशेला, मधे, त्याच्याकडं वळलेली होती.

तो बराच वेळ काही बोलला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदाच असेल. आणि गप्प बसल्यावर ऐकू किती येतं, ह्याचंच त्याला नवल वाटायला लागलं. म्हशीचं रवंथ. रेडकाच्या नाकातली घुरघुर. दोन आचळांच्या दोन धारा, एक जाड, एक बारीक. आणि तिघांचं हळू आवाजातलं बोलणं...

“दादा, ऊन हलायलंय. तू इकडं ये.”

“येतां.”

“शेपटी सोडू का?”

“नको, अजून एक बादली हाय.”

शेपटीचं विचारणारा अवधूत होता. अवधूतचा आवाज असा आहे, हे धैर्यशीलला तीन वर्षं एका तालमीत राहून माहीत नव्हतं.

“सर्जेराव,” तो म्हणाला. हळू म्हणाला. सगुणेचा एक कान हलला, पण धार चालू राहिली. “यादी दे.”

सर्जेरावनं खिशातून कागद काढला. चार घड्या पडल्या होत्या.

वीस ओळी. शेवटच्या दोन कोऱ्या. पहिल्या ओळीवर, चौदा वर्षं जे पहिल्या ओळीवर असायचं ते नाव.

धैर्यशीलनं सर्जेरावच्या पाठीवर कागद ठेवला. पेनानं पहिल्या ओळीवर एक रेघ मारली. सरळ आली नाही, कारण सर्जेराव हलला.

“ए! ए! काय करायलायस?” सर्जेराव गर्रकन वळला. “खुळा झालास काय? तुझं नाव हाय ते!”

“दिसतंय मला.”

“आणि कॅप्टन कोण?”

“ते ठरवतील.”

“पेठेत काय सांगू मी? पोरं तालीम पेटवतील! इंगवलेशिवाय चिंचबाग? तुझा चषक... अरे, तूच म्हणत होतास, यंदा न्हाई तर हयातीत न्हाई!”

“तो काय माझ्या एकट्याच्या हयातीचा हाय व्हय?” धैर्यशील म्हणाला, आणि आपण काय बोललो ह्याचं त्याचं त्यालाच हसू आलं. “वळ. पाठ दे.”

सर्जेरावनं पाठ दिली. पाठीवर तीन नावं लिहिली गेली. साव्हियो कुलासो. तौफिक बागवान. अवधूत मेस्त्री. तिसरं लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं आणि सर्जेराव ओरडला. त्याच्या शर्टावर ती निळी टिकली अजून आहे. धुतल्यावर ती जास्तच उठून दिसते, असं त्याची बायको म्हणते.

“पेठेत सांग, दोन जागांवर तीन बॅक मिळाले,” धैर्यशील म्हणाला. “आणि पळ. सात वाजायला आले.”

सर्जेराव स्कूटरवर बसला. दोन वेळा उतरला, दोन वेळा परत बसला. “नक्की ना?”

“जा की!”

हे मात्र जरा जोरात झालं. धार अर्धा क्षण अडली. धैर्यशीलनं तोंडावर हात ठेवला. सगुणेनं शेपूट झाडायचा प्रयत्न केला, ती अवधूतच्या हातात होती. मग तिनं मोठा श्वास सोडला आणि दूध परत सुरू झालं. सर्जेराव गेला.

त्या संध्याकाळी सगुणेनं चौदा शेर दूध दिलं म्हणतात. कुणी अठरा सांगतं. बुरुजाकडचं गिऱ्हाईक बावीस सांगतं, आणि ते विरोधी पार्टीतलं असल्यामुळं त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तिघांनी पेल्यावर पेले घेतले. साव्हियोनं सहा घेतले आणि प्रत्येक पेल्याला आभाराचं “देव बरें करूं” म्हटलं. तौफिकच्या मिशीला फेस लागला होता, आणि चिंचबागच्या चौकात उभं राहून तो फेसासकट हलगीचा ठेका तोंडानं धरत होता. टपरीपाशी मास्तर उभा होता. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि पेठ सोडून जायचं तूर्त लांबणीवर टाकून घरी गेला.

मग तिघं मैदानाकडं निघाले. अजून थोडा उजेड होता. कोण कुठं उभं राहायचं, ह्यावर त्यांची आपापसांत बोलाचाली चालली होती, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज अवधूतचा होता.

धैर्यशील त्यांच्या मागं दोन पावलं गेला. थांबला. परत आला.

कट्ट्यावर आता दुसरं कुणी नव्हतं. तात्या दगडी पायरीवर टेकून तंबाखू मळत होते. सगुणा डोळे मिटून रवंथ करत होती. धैर्यशील त्या दोघांसमोर उभा राहिला, हात कुठं ठेवावेत ते न कळून. वाईट वाटायला पाहिजे होतं त्याला, तो शोधत होता, पण आत कुठं सापडत नव्हतं. अंग हलकं होतं. पोटात दोन पेले गरम दूध होतं.

“तात्या...”

“हं.”

“चौदा वर्षं मधी उभा ऱ्हायलोय. आता मी कुठं उभा राहू?”

तात्यांनी तंबाखूची चिमूट ओठात ठेवली. हात झटकले. पायरीवर थोडं पलीकडं सरकले.

“हुभंच कशाला ऱ्हायला पायजे? बस की.”